डिप्लोमावाली की डिग्रीवाली, हा प्रश्नच अर्धवट आहे

नर्सिंग शिकवायला लागल्यापासून एक वाद सारखा कानावर येतो, डिप्लोमावाल्या चांगल्या की डिग्रीवाल्या, आणि उत्तरही ठरलेलंच, डिप्लोमावालीचा हात बसलेला असतो, डिग्रीवालीला नुसती थिअरी येते. मला हे पटत नाही. हात सहा महिन्यांत कुणाचाही बसतो हो, पण वॉर्डमध्ये आपण नक्की कोण आहोत ही समज शिकतानाच पक्की होते आणि ती नंतर सहज बदलत नाही.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं नर्सिंग स्कूल सुरू झालं, मग ठिकठिकाणी हॉस्पिटलांनी आपापली डिप्लोमाची स्कूल्स काढली, पण बऱ्याच जागी स्टुडंट म्हणजे ड्युटी लिस्टमधली स्वस्तातली माणसं असंच झालं. अशा ठिकाणी शिकलेली मुलगी दमत नाही, पेशंटला सोडून जात नाही, पण राउंड वेळेत संपला पाहिजे आणि सीनियरला उलट विचारायचं नाही हेही तिच्यात मुरतं. युनिव्हर्सिटीतली, म्हणजे डिग्रीवाली मुलगी 'का' विचारायला शिकते, आणि नोकरी लागल्यावर वॉर्ड तसा चालतच नाही हे बघून हादरते, याला अमेरिकन नर्सिंग संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच रिॲलिटी शॉक म्हटलं होतं.

आता बघा, जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचंय आणि पेशंटने ताटाला हातच लावलेला नाही. ताट तसंच आहे हे डिप्लोमावालीच्या आधी लक्षात येतं, शुगर किती खाली जाईल हे डिग्रीवालीच्या, पण "थांबा, आधी डॉक्टरांना विचारूया" हे म्हणायची हिंमत कुठल्याच सर्टिफिकेटवर मिळत नाही, ती मिळते आधी कधी विचारलं तेव्हा सिस्टर काय म्हणाल्या त्यावरून!

डिग्रीने फरक पडतो हे मी नाकारत नाही. २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या अभ्यासात डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त तिथे ऑपरेशनच्या पेशंटचा भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली, पण त्याच अभ्यासात एका नर्सवर एक पेशंट वाढला की ती शक्यता तेवढीच वाढलेली दिसली, हे कुणी सांगतच नाही.

मला सगळ्यात आवडतात त्या डिप्लोमा करून, काही वर्षं नोकरी करून मग डिग्रीला येणाऱ्या. फार्माकॉलॉजीच्या तासाला त्यांचे प्रश्न पुस्तकातले नसतात, "त्या पेशंटला मग तसं का झालं" असे असतात, आणि शेजारी बसलेल्या नवख्या मुली वही बंद करून ऐकत बसतात.