सात टक्के कुठे गेले?

तीन वर्षं नोकरीत कोड लिहिल्यावर मी कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला गेले, तेही थिसिसवाल्या. हिशोब सरळ होता: प्रोग्रामिंग येतंच आहे, थिअरीचे चार विषय सुटले की झालं. अर्ज करतानाच त्या हिशोबाला तडा गेला. स्टेटमेंट ऑफ पर्पजच्या पहिल्या मसुद्यात मी लहानपणापासूनच्या कॉम्प्युटरच्या आवडीबद्दल पानभर लिहिलं होतं. पीएचडी करणाऱ्या एका मित्राने ते वाचलं, अख्ख्या पानावर काट मारली आणि विचारलं, "तुला नेमकं शोधायचंय काय?" मला सांगता येईना. दोन दिवस डोकं खाजवून शेवटी नोकरीतली एक खरीखुरी अडचण लिहिली: सगळा डेटा मेमरीत असूनही आमचं सर्च इतकं रखडत का चालायचं? प्रवेश त्यामुळे मिळाला की नाही देव जाणे, पण गाईड नक्कीच त्यामुळे मिळाल्या.

पहिलं सेमिस्टर अल्गोरिदमने खाल्लं. कुकने 1971 मध्ये सॅट (दिलेलं तार्किक सूत्र खरं ठरवता येईल का) हा प्रॉब्लेम एनपी-कम्प्लीट, म्हणजे झटपट सोडवायची रीत कुणालाच माहीत नसलेल्या अवघड प्रॉब्लेम्सपैकी एक, असल्याचं दाखवलं, पुढच्याच वर्षी कार्पने सॅट धरून अशा 21 प्रॉब्लेम्सची यादीच मांडली, हे सगळं तोंडपाठ होतं. पण परीक्षेत रिडक्शन, म्हणजे एका प्रॉब्लेमचं दुसऱ्यात रूपांतर, उलट्या दिशेने केलं. नवा प्रॉब्लेम अवघड आहे हे दाखवायचं, तर जो अवघड म्हणून माहीत आहे तो नव्यात बसवावा लागतो. मी नव्यालाच सॅटमध्ये बसवून दोन पानं भरली. म्हणजे मी सिद्ध काय केलं, तर सॅट सुटलं की हाही सुटेल! त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तपासणाऱ्याने समासात एक शब्दही लिहिला नव्हता, नुसता उलटा बाण काढला होता. तो बाण मी अजून विसरलेले नाही.

बाकीचे विषय कसेबसे, काही बरे, असे पार पडले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

थिसिसचा विषय नोकरीतल्या त्याच दुखण्यातून आला. प्रोसेसर मेमरीतून डेटा एकेक बाइट उचलत नाही, अख्खी कॅश लाइन, म्हणजे एक सलग तुकडा, उचलतो, बहुतेक मशिनवर 64 बाइटचा. हवा तो डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, असेल तर चार-पाच सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांमध्ये) हाती येतो, मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शंभराच्या वर सायकल जातात. माझी कल्पना साधी होती: हॅश टेबलमधल्या (किल्लीवरून नोंदीची जागा काढणाऱ्या तक्त्यातल्या) नोंदी अशा मांडायच्या, की एका शोधासाठी शक्यतो एकच कॅश लाइन लागावी. आठ महिने त्यातच गेले. आणि एका रात्री आकडा आला: जुन्या मांडणीपेक्षा सात टक्के जलद. मी तोच प्रोग्राम तीस वेळा चालवला. तीसही वेळा सात, इकडेतिकडे दशांशाचा फरक. पेपर पाठवायला दोन आठवडे उरले होते. मी हरखून गाईडना आलेख दाखवला.

त्यांनी आलेख बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "छान. दुसऱ्या कुणाच्या अकाउंटवरून चालवून बघितलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. मशिन तेच, कोड तोच, अकाउंटचा काय संबंध? तरी लॅबमधल्या सहकाऱ्याला बसवलं आणि त्याच्या लॉगिनवरून चालवलं. सात टक्के गायब! उलट माझी मांडणी अर्ध्या टक्क्याने मागे.

कारण कळायला चार दिवस लागले. प्रोग्राम सुरू होताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (युजरनेम, होम फोल्डर अशा सेटिंग्ज) स्टॅकच्या, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीच्या, टोकाशी ठेवले जातात. त्यांचा एकूण आकार बदलला की खालचा सगळा स्टॅक सरकतो, आणि कुठला लोकल व्हेरिएबल कुठल्या कॅश लाइनमध्ये पडतो तेही बदलतं. माझं युजरनेम चौदा अक्षरी, त्याचं चार अक्षरी, आणि ते नाव होम फोल्डरच्या पाथमधून आणखी कितीतरी व्हेरिएबल्समध्ये शिरलेलं. एरवी ऑपरेटिंग सिस्टिम स्टॅकची जागा दर वेळी मुद्दाम बदलते. पण आकडे स्थिर यावेत म्हणून तो रँडमायझेशनचा पर्याय मीच बंद करून ठेवला होता. आकडे स्थिर आले खरे. एका विशिष्ट योगायोगावर स्थिर.

गाईडना हे ठाऊक होतं, कारण 2009 मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवून दिलं होतं: एन्व्हायर्नमेंटचा आकार किंवा कोडच्या फाइली एकत्र जोडायचा (लिंक करायचा) क्रम बदलला, तरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवायची युक्ती, फायद्याचं की तोट्याचं याचं उत्तर उलटू शकतं. 2013 मध्ये कर्टसिंगर आणि बर्गर यांनी चालत्या प्रोग्रामची मेमरीतली मांडणी सतत बदलत ठेवणारं साधन केलं. त्याने मोजलं तेव्हा एलएलव्हीएम या कंपायलरच्या ओ-टू आणि ओ-थ्री या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांमधला फरक मोजणीतल्या नुसत्या गोंगाटापासून वेगळा काढता येईना. मी ते दोन्ही पेपर आधी "वाचले" होते, म्हणजे सारांश आणि शेवटचं पान.

पेपरची तारीख हुकली. रडू आलं, खोटं कशाला सांगू. एक आठवडा लॅबकडे फिरकले नाही. मग सगळी मोजणी नव्याने मांडली: दर वेळी एन्व्हायर्नमेंटचा आकार वेगळा, लिंकचा क्रम वेगळा, अशा पाचशे मांडण्या, आणि एका आकड्याऐवजी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची दाट शक्यता तो पट्टा. खरी सुधारणा निघाली दोन टक्क्यांच्या आसपास, तीही टेबल कॅशमध्ये मावत नसेल तेव्हाच. लहान टेबलांवर काहीच नाही. दोन टक्क्यांवर थिसिस होतो का, असं मी गाईडना विचारलं. त्या म्हणाल्या, "सातावर झाला नसता." मोजणीचं प्रकरण थिसिसमध्ये चौथं होतं, आणि मूळ कल्पनेच्या प्रकरणापेक्षा लांब झालं.

डिफेन्सला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, मी कॅशच्या प्रश्नांची जय्यत तयारी करून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं, चष्मा वर केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "हे पाचशे प्रयोग कुणाच्या लॉगिनवरून चालवलेत?"

"तिघांच्या," मी म्हणाले, "आणि तिसरं फक्त याचसाठी उघडलं. एक अक्षरी."