आमची वाटचाल: लग्नाच्या मांडवातून कौलारू घरांकडे

बेळगावात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या स्टुडिओचे काम कित्येक वर्षे लग्ने, बारशी, शाळांची समूह-छायाचित्रे आणि पासपोर्टचे फोटो यांवर चालत आले. पुढे चोर्ला घाटाच्या रस्त्याने गोव्याला ये-जा करणारे प्रवासी जांबोटी, कणकुंबी परिसरात मुक्काम करू लागले, खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबांनी आपली जुनी घरे होमस्टे म्हणून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडून विचारणा वाढत गेली, तसा धाकट्या भावाने आणि मी व्यवसायाचा रोख बदलला. आज आमचे बहुतांश काम अशाच घरांचे आहे.

प्रवाशांना लोकांची घरे-खोल्या ऑनलाइन भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या संस्थापकांनी न्यूयॉर्कमध्ये घरोघर जाऊन चांगल्या कॅमेऱ्याने स्वतः छायाचित्रे काढली, ही हकीकत या धंद्यातील बहुतेकांना ठाऊक असते. पाहुणा पैसे भरतो ते छायाचित्राच्या भरवशावर. त्यामुळे त्यात जे दिसले ते गाडीतून उतरल्यावर त्याला सापडलेच पाहिजे, या अटीवरच आम्ही काम स्वीकारतो.

आमच्या भागातील घरांची मोठी अडचण उजेडाची आहे. पावसाचा मारा अडवण्यासाठी पडवीचे छप्पर बरेच खाली उतरवलेले असते, माजघराला एखादीच लहान खिडकी असते, भिंती जांभ्या दगडाच्या आणि जमीन रेड ऑक्साइडची. बाहेरच्या उन्हाशी कॅमेरा जुळवला तर खोली काळी पडते आणि खोलीशी जुळवला तर खिडकी पांढरीफटक होते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ च्या आसपास ठेवून, त्याच चौकटीची तीन ते पाच छायाचित्रे कमी-अधिक एक्स्पोजरने, म्हणजे कमी-अधिक उजेड आत घेऊन, काढतो आणि नंतर ती एकत्र करतो. घरातील पिवळ्या दिव्यांचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर) आणि दुपारच्या उन्हाचा ५५०० केल्विनच्या आसपास. दोन्ही मिसळले की एकच भिंत कुठे नारिंगी, कुठे निळसर दिसते, त्यामुळे दिवसा आम्ही दिवे बंदच ठेवतो. लाल जमिनीवरून परतलेला उजेड चुन्याच्या भिंतीवर गुलाबी छटा सोडतो. ती कमी करावी, पण पूर्ण पुसू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या खोलीत बसणाऱ्याला ती छटा खरोखरच दिसत असते.

घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आम्ही फोनवरच विचारून घेतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणमुखी पडवीत ऊन आतपर्यंत येते. मेच्या सुरुवातीला तो आपल्याकडे माध्यान्ही माथ्यावर येतो आणि मग भर दुपारी पडवी अंधारी व अंगण डोळे दिपवणारे होते. अशा दिवसांत बाहेरचे काम सकाळी लवकर उरकावे लागते.

खोली लहान असेल तर ती लहानच दिसू द्यावी. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर फार रुंद दृश्य टिपणारी १६ मिलिमीटरची लेन्स लावली की दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी भासते आणि कडेचा पलंग ताणला जातो. आम्ही शक्यतो २० ते २४ मिलिमीटरवर थांबतो, कॅमेरा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतो आणि दाराच्या चौकटी सरळ उभ्या दिसतील असा तो समपातळीत धरतो. चार्जरच्या वायरी, गॅसची टाकी, घरमालकांचे कौटुंबिक फोटो आणि फोन नंबर लिहिलेली दिनदर्शिका आम्ही बाजूला काढतो. खानापूरची मातीची भांडी आणि अंगणातील तुळस जागेवरच राहते. न्हाणीघर, शौचालय, गाडी लावण्याची जागा आणि दारापर्यंतच्या पायऱ्या यांची छायाचित्रे द्यावीतच, कारण वृद्ध आईवडिलांना घेऊन येणारे पाहुणे आधी तीच शोधतात.

ऋतूंबाबत आम्ही विशेष आग्रही आहोत. जुलैत धुक्याने भरलेली टेकडी आणि परसामागे खळाळणारा ओढा कोणालाही मोहात पाडतो, परंतु एप्रिलमध्ये तीच टेकडी तपकिरी असते आणि ओढ्यात दगड दिसतात. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक छायाचित्राखाली महिना लिहावा, असे आम्ही सुचवतो. काही घरमालकांना सुरुवातीला हे पटले नाही, एका काकींनी तर स्पष्ट विचारले, “उन्हाळ्यातला फोटो बघून कोण येणार रे बाळा?” त्यांच्या आमराईचे आणि थंडगार माजघराचे मे महिन्यातील फोटो आम्ही काढून दिले, तेव्हा त्यांनीच ते यादीत वर ठेवायला सांगितले.

दर मोसमात आम्हाला बोलावणे लहान घरमालकांना परवडत नाही. म्हणून काम संपल्यावर अर्धा तास थांबून आम्ही त्यांना मोबाइलवर छायाचित्र घेणे शिकवतो: लेन्स सुती कापडाने पुसायची, ग्रिडच्या रेषा सुरू करायच्या, कोपऱ्यात किंवा दारात उभे राहायचे आणि कॅमेऱ्याच्या झूममध्ये ०.५ (रुंद दृश्य) ऐवजी १ हा आकडा निवडायचा.