आमची वाटचाल : सड्यावरच्या दगडापासून तुरटीपर्यंत

पाणीपुरवठा योजनांना लागणारी तुरटी बनवण्याचा कारखाना वडिलांनी कोल्हापुरात काढला, तो राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर मिळणाऱ्या बॉक्साइटच्या भरवशावर. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) जेमतेम १४ टक्क्यांच्या आसपास असते आणि सिलिका निम्म्याच्या घरात. परंतु सपाट सड्यांवर लाखो वर्षे मुरलेल्या पावसाने सिलिका, चुना, सोडा धुऊन नेला आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा तयार झाला. त्यात ॲल्युमिनियम जिथे अधिक साठले, तिथे बॉक्साइट सापडतो, आणि हे साठे सलग नसल्यामुळे एकाच खाणीच्या दोन टोकांचा माल सारखा नसतो.

ही गोष्ट आम्हाला नुकसान सोसून कळली. लाल दगडात लोह जास्त आणि त्यामुळे तुरटी पिवळट होते, म्हणून वडिलांनी एकदा मुद्दाम पांढुरका माल घेतला. तोंडाची वाफ दिल्यावर त्याला मातीचा वास येत होता, आणि तीच खूण त्यांनी खात्रीची मानली होती. गंधकाम्लात उकळल्यावर मात्र टाकीच्या तळाशी निम्मा गाळ उरला, कारण त्या दगडात आम्लात नीट न विरघळणारे केओलिन, म्हणजे चिनी माती, भरपूर होते. मातीचा वास केओलिनलाही येतो आणि आपल्या बॉक्साइटमधल्या मुख्य खनिजाला, म्हणजे गिब्साइटलाही.

तेव्हापासून आम्ही नमुना भट्टीत तापवून वजनातली घट मोजतो. शुद्ध गिब्साइटमध्ये ॲल्युमिना ६५.४ टक्के आणि उरलेले सारे पाणी असते, त्यामुळे त्याचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते. केओलिनचे सुमारे १४ टक्केच घटते. गिब्साइट मऊ असते, नखाने नव्हे पण चाकूने सहज ओरखडते, आणि गरम आम्लात चांगले विरघळते. डायास्पोर या बॉक्साइटमधल्या दुसऱ्या खनिजाचे रासायनिक घटक तेच असले तरी ते आम्लाला दाद देत नाही. आपल्या बॉक्साइटमध्ये मुख्यतः गिब्साइट आहे, या बाबतीत आम्ही नशीबवान म्हणायचे.

कागद गिरण्यांना लोहरहित तुरटी हवी असते, तिच्यासाठी आम्ही ॲल्युमिना हायड्रेट विकत घेतो. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवून, लोह गाळून, पुन्हा स्फटिकरूपात आणलेले ते गिब्साइटच असते. कच्च्या दगडाची खरेदी मात्र आम्ही मे महिन्यातच उरकतो, कारण पावसात भिजलेल्या मालाबरोबर पाण्याचेही पैसे मोजावे लागतात.