साडेपाचचं ऊन आणि आमचं गेट

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचं सरकतं गेट वर्षातले नऊ-दहा महिने शहाण्यासारखं वागायचं. दिवाळीचे कंदील उतरले की त्याचं डोकं फिरायचं आणि संक्रांतीनंतर आपोआप ताळ्यावर यायचं. कमिटीत यावर तीन मतं होती. मोटर गेली, उंदरांनी वायर कुरतडली, किंवा वॉचमनला डुलकी लागते. तिसरं मत जास्त लोकप्रिय होतं, कारण त्याला खर्च नव्हता.

मग एका डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्कूटीवरून आत येत असताना गेट सरळ त्यांच्या अंगावर आलं. काकू वाचल्या, मडगार्ड चेपलं, आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीतले नारळ उतारावरून घरंगळत गेले. रात्री आठ वाजता सेक्रेटरी दारात. "ताई, तुम्ही सेन्सरच्या कंपनीत होतात ना हो?"

होते. रबाळ्याला बावीस वर्षं, टेस्टिंगच्या टेबलावर. बाटल्या मोजणारे, कागद फाटला की मशीन थांबवणारे, असे हजारो सेन्सर हाताखालून गेले. नोकरी सोडून पाच वर्षं झाली, पण सोल्डरिंगची बंदूक अजून माळ्यावर गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला काळी छत्री घेऊन खाली उतरले. गेटच्या एका खांबावर डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडणारी डबी, समोरच्या खांबावर तो घेणारी. मध्ये काही आलं की प्रकाश तुटतो, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 'टक्' करतो, गेट थांबतं. मी मध्ये हात घातला. काहीच नाही. वॉचमन मामांना म्हटलं, त्या प्रकाश घेणाऱ्या डबीवर छत्री धरा. टक्! छत्री काढली, पुन्हा गप्प. छत्री, टक्. पोरं जमली आणि त्यांनी त्याचा खेळ केला.

डबी उघडली तर आत एक उघडा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की करंट सोडणारा. समोरच्या डबीत एलईडी, एक रेझिस्टर, आणि थेट बारा व्होल्ट. कुणीतरी कधीतरी 'रिपेअर' करताना मूळ सर्किट काढून हे बसवलं होतं. (कुणी ते सांगत नाही. बिल मात्र मूळ सर्किटचं दिलेलं आहे.) हा प्रकाश न लवता, न फडफडता जळत राहणारा. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. उन्हाळ्यात सूर्य खाडीपलीकडे मुलुंडच्या डोंगरांकडे मावळतो. दिवाळीनंतर तो दक्षिणेला सरकत विक्रोळीच्या अंगाला जातो, आणि बरोबर तेव्हा आमच्या रिसिव्हरच्या डोळ्यात शिरतो. समोर गाडी उभी असली तरी डोळ्याला प्रकाश मिळतोच. त्याच्या लेखी रस्ता मोकळा.

डब्यांची अदलाबदल केली असती तर भागलं असतं. पण रिसिव्हरची वायर त्याच वर्षी घातलेल्या काँक्रीटखालून गेली होती, आणि ते फोडायचं नाव काढताच कमिटीत शांतता पसरली.

खरं सांगायचं तर मला राग कमी आणि मजा जास्त वाटली, कारण अगदी हाच घोळ १९५५ साली अमेरिकेत झाला होता. झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट केला, फ्लॅशमॅटिक. तो म्हणजे एक नेमका झोत टाकणारी बॅटरीच. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल. एका कोपऱ्यावर झोत मारला की टीव्ही चालू-बंद, दुसऱ्यावर आवाज बंद, उरलेल्या दोन्हींवर चॅनेल पुढे-मागे. लोकांना आवडला. पण खिडकीतून ऊन आत आलं की टीव्ही आपल्या मनानेच चॅनेल बदलायला लागायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाचा नादच सोडला आणि ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर हातोडी आपटून अश्राव्य आवाज काढणारा रिमोट आणला. त्याला बॅटरीही लागत नव्हती. पुढे इन्फ्रारेड परत आला तो मात्र शहाणा होऊन आला, लुकलुकत. आज घरोघरच्या बऱ्याच रिमोटचा एलईडी सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो. ऊन तसं लुकलुकत नाही.

आणि लुकलुकण्याची ही गोष्ट त्याहून जुनी आहे. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ साली जाहीर केलं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये त्यावर फोटोफोन बांधला आणि वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेत उन्हाच्या झोतावर बोलणं पाठवलं. स्थिर प्रकाशाने सेलेनियममधून स्थिर करंट वाहतो आणि कानाला लावलेला रिसिव्हर मुका राहतो. आवाज हवा तर प्रकाश बदलायला हवा. म्हणून बोलण्याच्या कंपनांनी हलणारा पातळ आरसा होता, आणि काही प्रयोगांत तर भोकं पाडलेली चकती झोतासमोर फिरवून त्यातून सूर काढलेला होता. ज्या उन्हाने आमच्या काकूंचे नारळ सांडले त्याच उन्हावर बेलनी शब्द चढवले होते.

चकती फिरवायला माणूस किंवा मोटर लागते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे काम ऑसिलेटर करतो, आणि ऑसिलेटर म्हणजे काय ते गणपतीच्या मांडवात बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. निवेदक माइक घेऊन स्पीकरसमोर आला की 'कूंऽऽई' होतं ना, तेच. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये. फेरा पुरेसा जोरदार झाला आणि वेळ जुळली की सूर स्वतःच धरला जातो. एडविन आर्मस्ट्राँग यांना १९१२ साली, विद्यार्थी असताना, व्हॅक्यूम ट्यूबमध्ये हेच सापडलं. बाहेर येणारा सिग्नल थोडा परत आत दिला की रेडिओ कैकपटीने जोरात ऐकू येतो, आणि आणखी दिला की ट्यूब स्वतःच गायला लागते. पुढे एफएम त्यांनीच दिलं. पेटंटच्या कोर्टबाजीत मात्र आयुष्य गेलं, आणि १९५४ मध्ये त्यांनी स्वतःच ते संपवलं. कंपनीत चहाच्या सुट्टीत हे मी ज्यांना सांगितलं त्यांतल्या बऱ्याच जणांना एफएम म्हणजे फक्त गाडीतलं स्टेशन माहीत होतं.

माझ्या ऑसिलेटरला ट्यूब नको, ५५५ पुरे. हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये डिझाइन केलेली आणि १९७२ मध्ये बाजारात आलेली आठ पायांची आयसी. ठाण्याला गाडी बदला, दादरला परत बदला, लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशात मिळते. तिला बाहेरून जोडलेला एक कपॅसिटर भरत-रिकामा होत राहतो, सप्लायच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश व्होल्टेजच्या मध्ये. १.८ आणि १८ किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक नॅनोफॅरडचा तो कपॅसिटर, की झाले ३८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८ हजार लुकलुकी.

दुसऱ्या खांबावर टीसॉप १७३८, तीन पायांचा काळा दाणा. त्याच्या आत फोटोडायोड, ॲम्प्लिफायर आणि ३८च्या आसपासचंच ऐकणारा फिल्टर. टेबलावर जोडलं, चाललं, आणि क्षणभरात मेलं. परत चालू केलं, परत मेलं. तासभर डोकं खाजवलं तेव्हा रबाळ्याचं जुनं ज्ञान वर आलं. सतत ३८ मिळालं की हा दाणा त्याला सीएफएल दिव्याची कटकट समजतो आणि स्वतःचे कान झाकून घेतो. त्याला तुटक बोलणं लागतं. मग दुसरी ५५५ पहिलीच्या चार नंबर पायावर, म्हणजे तिला चालू-बंद करणाऱ्या पायावर, बसवली. मिलिसेकंदभर लुकलुक, पाच मिलिसेकंद गप्प, पुन्हा लुकलुक. एका लुकलुकीवर दुसरी चढवलेली. तिसरी ५५५ फक्त हजेरी घेते. ठरल्या वेळेत लुकलुक आली नाही की रिले सोडते. यामुळे एलईडी जळला, वायर तुटली, किंवा उन्हाने दाणा पार दिपून गेला, तरी गेट उघडंच राहणार. जुन्या सर्किटची खरी चूक मला हीच वाटते. ऊन लागलं यापेक्षा, चुकल्यावर ते गेट बंद करायचं.

खांबावर लावल्यावर पहिल्याच दुपारी पुन्हा गोंधळ. डबी तव्यासारखी तापलेली, आणि मी बसवलेला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर उष्णतेने सरकलेला, त्याच्याबरोबर फ्रिक्वेन्सीही. त्या जागी हिरवा पॉलिएस्टर घातला, फ्रिक्वेन्सी जुळवायला एक प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घातला, आणि दाण्यापुढे पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आतून काळा करून बसवला.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून विचारलं, करोनात बोटाला लावायचो ते यंत्र असंच का? बरंचसं असंच. ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून आलेलं. लाल आणि इन्फ्रारेड आळीपाळीने चमकतात, मध्ये दोन्ही विझतात, आणि त्या अंधारात खोलीतल्या ट्यूबलाइटचा प्रकाश मोजून वजा केला जातो. "म्हणजे आमच्या बोटात ट्यूबलाइटचं ऑक्सिजन धरत नव्हते," त्या म्हणाल्या.

या हिवाळ्यात साडेपाचला मामा मोबाइलचा कॅमेरा एलईडीसमोर धरून पोरांना तो जांभळा ठिपका दाखवतात. हात मध्ये, टक्. गेट थांबतं. परवा भर सकाळी, ऊन पलीकडच्या बाजूला असताना, गेट बंदच होईना म्हणून बोलावलं. टेस्टर, मीटर, छत्री, सगळं घेऊन गेले. पाइपच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि मधोमध स्वतः बसला होता. मामांनी झाडू आणला.