तीन पायऱ्यांचं दुकान

नागपूरच्या बर्डीतल्या (सीताबर्डीतल्या) एका रस्त्याच्या सुशोभीकरणाचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. 'सुशोभीकरण' म्हटलं की मला रंगवलेल्या कुंड्याच दिसतात, पण फाईलवर शब्द तोच होता. फुटपाथ, कर्ब म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची उभी कड, झाडं, दिवे, बसायला बाक. चार महिने खपून ड्रॉइंग केलं आणि नागरिक सल्लागार समितीपुढे मांडायला मी गेले.

समिती म्हणजे निवृत्त इंजिनीअर, व्यापारी, वारसाप्रेमी आणि रामदासपेठेतले एक गृहस्थ. हे गृहस्थ बर्डीवर खरेदीला शेवटचे कधी आले होते कोण जाणे, पण बोलले सर्वात जास्त. फेरीवाला एकही नव्हता. 2014च्या कायद्याने पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना आहेत. आमची समिती त्या कायद्यातली नव्हे. हिने फक्त सल्ला द्यायचा, चहा घ्यायचा.

स्क्रीनवर थ्रीडी लावलं. सॉफ्टवेअरमधली माणसं आयती मिळतात, त्यामुळे भर बर्डीत एक सोनेरी केसांची बाई कुत्रा घेऊन फिरत होती. सगळे हसले. दिव्यांच्या रंगावर पाऊण तास गेला. मग मागच्या खुर्चीवरचे एक काका उठले. त्यांचं मॅचिंगचं दुकान आहे, अस्तर आणि ब्लाउजपीस.

"मॅडम, चित्र झकास आहे. पण आजवर माणूस माह्या दुकानात चढून येत होता. आता उतरून येईन का जी?"

मला प्रश्नच कळला नाही. "तपासून घेऊ," असं म्हटलं. उत्तर येत नसलं की आम्ही हेच म्हणतो.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला सोबत नेलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकानाला तीन पायऱ्या होत्या, सहा-सहा इंचाच्या. डांबराचे थर एकावर एक चढत गेले. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा असतो, पण खरवडायला मशीन लागतं, वेळ लागतो आणि केलेलं काम डोळ्याला दिसत नाही. तीन पायऱ्यांपैकी आता जेमतेम एक उरली होती, तीही पूर्ण नाही. टेप लावला तर 120 मिलिमीटर. आत सगळ्यात खालचं रॅक रिकामं. "2023च्या सप्टेंबरपासून गुडघ्याच्या खाली कपडा ठेवणंच सोडलं," काका म्हणाले. त्या 23 तारखेच्या पहाटेच्या पुराची त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही, मलाही नाही. त्या दिवशी मोर भवनच्या बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. आणि बर्डी तर टेकडीच्या पायथ्याशीच. वरून येणारं पाणी कुठून जाणार हे ड्रॉइंगमध्ये कोणी विचारलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

तिथेच ओट्यावर बसून हिशेब केला. रस्त्यापासून कर्ब 150 मिलिमीटर उंच. त्यामागे तीन मीटर फुटपाथ, पाणी रस्त्याकडे जावं म्हणून शंभरात दोनचा उतार, म्हणजे आणखी 60. दुकानाच्या दाराशी फुटपाथ 210वर आणि काकांची फरशी 120वर. साडेतीन इंच खाली! माझ्या सुंदर फुटपाथने त्यांच्या दुकानाचं टाकं केलं असतं.

सर्व्हेत दर दहा मीटरवर रस्त्याची लेव्हल होती, चेंबरची होती, प्रत्येक झाडाच्या बुंध्याची होती. दुकानांच्या फरशीची एकही नव्हती. मी मागितलीच नव्हती.

मग महिनाभर त्या एका सेक्शनशी, म्हणजे रस्त्याच्या आडव्या छेदाशी झगडले. उतार उलटा केला तर पाणी थेट दुकानात. दुकानांच्या कडेने जाळीची नाली टाकायची, तर काका म्हणाले, "भुट्ट्याचे दांडे आणि पन्न्या कोण काढून राहिलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रस्ताच खरवडून खाली घ्यावा, तर ते दुसरं टेंडर, दुसरा विभाग. शेवटी कर्ब 50वर आणला. 50 आणि 60, एकशेदहा. काका बोटभर वर राहिले. पण 50चा कर्ब म्हणजे दुचाक्यांना आवतणच. खांब रोवावेत, तर जिथून व्हीलचेअर जाते तिथून अ‍ॅक्टिव्हा जातेच. बरं, काकांच्या पुढची दोन दुकानं 80वरच आहेत. त्यांच्यापुढे जाळीच टाकली. त्या ड्रॉइंगवर सही माझी आहे.

वरिष्ठ म्हणाले, दोन दुकानांसाठी एवढं डोकं कशाला? त्यांचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, पटतही नाही. 150चा कर्ब ठेवला असता तर शेकडो चालणाऱ्यांना गाड्यांपासून मोकळा रस्ता मिळाला असता.

बैठकीचं इतिवृत्त नंतर आलं. दिव्यांच्या रंगावर दीड पान. शेवटून दुसऱ्या ओळीत: 'एका सदस्याने लेव्हलबाबत विचारणा केली.' प्रत सगळ्यांना गेली होती. संध्याकाळी काकांचा फोन.

"मॅडम, हा 'एक सदस्य' म्हंजे मीच का जी?"

"हो काका."

"बरं. ते पुढच्या दोघांच्या जाळीचं काय झालं?"