पंचेचाळीस डिग्रीत ओलं लाकूड

आमचं काम फायबरचं. कूलरच्या बॉड्या, टाक्या, कधी गाडीचं तुटलेलं बंपर. जळगावात बोट दुरुस्तीला येते असं सांगितलं तर लोक हसतात. पण तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर बोटी आहेत, आणि त्या कधीतरी बिघडणारच.

मे महिन्यात मुक्ताईनगरकडचे एक भाऊ ट्रॉलीवर बोट घेऊन आले. कोकणातून जुनी घेतलेली, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. तक्रार एवढीच, की रेस दिली की इंजिन हलतं. बोल्ट आवळून आवळून कंटाळले होते. मी इंजिनाचा खालचा भाग धरून वरखाली हलवला. बोल्ट जागच्या जागी होते, हलत होती ती मागची भिंतच. तिला ट्रान्सम म्हणतात. वरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं आणि खरा जोर तेच झेलतं.

हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. वरच्या कोपऱ्यात टणटण, इंजिनाच्या खाली नुसतं भद्द. भाऊंना म्हटलं, लाकूड सडलंय.

"काय भो! पंचेचाळीस डिग्रीत पापड दोन तासांत वाळतो, लाकूड काय ओलं राहीन? दोन महिने उन्हात उभी आहे बोट."

आपल्याकडे मे महिन्यात काही ओलं राहू शकतं यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. आतल्या बाजूने ड्रिल लावलं. भुसा पडायच्या ऐवजी काळपट चोथा पिळवटून बाहेर आला, मागोमाग तपकिरी पाण्याची धार. कुजलेल्या पाल्यासारखा वास शेडभर पसरला. भाऊ दोन पावलं मागे सरकले.

फायबर स्वतः सडत नाही, हाच घोळ. पाणी स्क्रूच्या भोकातून आत शिरतं, पण दोन्ही बाजूंनी फायबरचं कवच असल्यावर ऊन कितीही तापलं तरी वाफ निघायला वाट नाही. ऊब आणि ओल दोन्ही मिळाल्यावर बुरशीला आणखी काय पाहिजे! खाऱ्या पाण्यात ती सहसा जोर धरत नाही, तापीच्या गोड्या पाण्यात आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यात धरते. इथे पाणी शिरलं होतं शिडीच्या दोन स्क्रूंमधून. शिडी कधीच काढून टाकलेली, भोकं मात्र उघडीच. त्यावर आधी कुणीतरी भेगेवर फायबरच्या मॅटचा थर देऊन पुट्टी मारली होती. म्हणजे पाणी आत असताना झाकण लावलं.

भाऊंना तेच पुन्हा हवं होतं, वरून दोन थर. मी नाही म्हटलं. चालत्या बोटीचं इंजिन धरणात गेलं तर मला झोप लागणार नाही.

कापायच्या आधी बोटीला बुडाखालून फळ्या आणि वाळूच्या गोण्यांचा सगळीकडून आधार दिला. ट्रान्सम काढल्यावर बूड बसलं, तर नवं लाकूड वाकड्या आकारातच पक्कं होतं. मग आतलं कवच ग्राइंडरने कापलं. वरची फूटभर पट्टी फायबरसकट सबंध निघाली, ती बाजूला ठेवली. त्याखालचं प्लाय खुरप्याने अक्षरशः ओरबाडून काढलं. फरशीखाली दोन लांब तुळया असतात, त्याही मागच्या टोकाला मऊ निघाल्या. तिथवर कापत गेलो, जिथे कोरडं, कडक लाकूड लागलं.

नवीन प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन. १८ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या रेझीनने, चिकटवले. नेहमीचं पॉलिएस्टर रेझीन स्वस्त, पण लाकडाला त्याची पकड इपॉक्सीइतकी नाही. भाऊंनी किमतीवरून कुरकुर केली. काम मात्र पहाटेच. दुपारी इपॉक्सी मगात कालवलं तर तिथेच धुरायला लागतं, म्हणून थोडं थोडं पसरट ट्रेत. जुन्या फायबरची कड लांब उतरती घासली आणि त्यावर थर चढवले. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्या भरावातच पुन्हा भोक पाडलं. आता तिथून पाणी शिरलं तरी लाकडाला लागत नाही.

हतनूरचे ४१ दरवाजे उघडायच्या आत बोट पाण्यात गेली. इंजिन हललं नाही.

पैशाचा घोळ पुढे झाला. बोटीत भाऊंचा पार्टनर निम्मा. त्याला दाखवायला भाऊंनी तो चोथा पिशवीत भरून नेला होता, गाडीच्या टपावर. पार्टनर पिशवी घेऊन माझ्याकडे आला, मूठभर भुगा पुढे धरला आणि म्हणाला, "हे तर कोरडंठाक आहे. कशाला बदललं?"

बाजूला ठेवलेली ती सबंध पट्टी अजून शेडबाहेर उन्हातच पडली होती. ती आणली आणि त्याच्यासमोर मधोमध करवत लावली. पातं बाहेर आलं ते ओलं. त्याने बोटाने पुसून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "माझ्या वाट्याचे किती?"