पुणे ते पाचगणी, बॅटरीच्या सायकलवर: मोटर मागाहून घ्या, ब्रेक आधी

पाचगणीहून वाईकडे उतरताना तिसऱ्या किलोमीटरला जळका वास यायला लागला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता. मग एका उतरत्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकला, मागचा दाबला तर गाडी नुसती कुरकुरली, आणि खालून भाजीचा टेम्पो वर येत होता. रस्त्याकडेच्या मातीत सायकल घातली, दोन्ही पाय घासले आणि थांबले. बुटाचा तळ फाटला, गुडघा सोलला, बाकी काही नाही. पण ते पाच सेकंद अजून रात्री आठवतात, म्हणून हे सगळं लिहिते आहे. घाटाच्या वाटेने बॅटरीची सायकल नेणार असाल तर वाचाच.

सायकल मी स्वतः बांधलेली. जुनी स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक) फ्रेम, मागच्या चाकात २५० वॉटची गिअरवाली हब मोटर, ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवरची बॅटरी. सामान आणि मी धरून सगळं मिळून जवळपास १०० किलो. मोटर, कंट्रोलर, बॅटरी यावर दोन महिने वाचलं, विचारलं, तोलून-मापून घेतलं. चाक, टायर आणि ब्रेक मात्र शहरातल्या एका दुकानदारावर सोपवले. तो म्हणाला, ‘मॅडम, उतारावर ब्रेक दाबायचं कामच नाही. मोटर गाडी अडवते आणि वर बॅटरी चार्ज होते.’ मी विश्वास ठेवला. चूक तिथे झाली.

गिअरवाल्या हब मोटरच्या आत फ्रीव्हीलसारखा क्लच असतो. पॅडल थांबवलं, उतार लागला की चाक मोटरला सोडून मोकळं फिरतं. त्यामुळे ती गाडी अडवत नाही आणि चार्जही करत नाही. हे काम फक्त बिनगिअरची, थेट चाक फिरवणारी जड मोटर करते, तेही कंट्रोलरमध्ये सोय असेल तर. आणि तुमच्याकडे तशी मोटर असली तरी पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून सकाळी उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत ती वीज जाणार कुठे? ब्रेकच्या लिव्हरला जी वायर असते ती मोटर बंद करण्यापुरती. ती लागतेच, पण तिने गाडी थांबत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे साडेपाचला निघालो, मी आणि माझा मामेभाऊ. तो साध्या गिअरच्या सायकलवर. कात्रजचा जुना घाट आणि जुना बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ. शिरवळला जेवताना हॉटेलवाल्याला विचारून दोन तास चार्जिंग केलं, खंबाटकी चढलो. हवा छान होती. त्रास सुरू झाला तो सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर.

मागच्या चाकातून ‘टण्’ असा आवाज आला, पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. दोन तारा तुटल्या होत्या, दोन्ही मोटरच्या फ्लँजपाशी (तारा अडकवायची भोकांची कड), जिथे तार वाकते बरोबर तिथे. चाक असं आऊट झालं की टायर फ्रेमला घासायला लागला. दुकानदाराने १२ गेजच्या तारा लावल्या होत्या, ‘जाड तार, दणकट काम’ म्हणून जादा ९०० रुपये घेऊन. मलाही ते पटलं होतं, कारण ऐकायला पटतंच.

वाईत संध्याकाळी एका म्हाताऱ्या सायकल मिस्त्रींनी चाक मांडीवर घेतलं, बोटाने एकेक तार छेडत गेले. काही तारा टणटणत होत्या, काही नुसत्या थपथप. ते म्हणाले, ‘ताई, एवढी जाड तार ताणून बसतच नाही. ढिली राहते, चाक फिरलं की वाकते-सरळ होते, आणि मानेत तुटते.’ त्यांनी दोन तारा बदलल्या, सगळं चाक पुन्हा ताणलं, आऊट काढला आणि २५० रुपये मागितले. मी ३०० दिले. तेवढ्या कामाला पुण्यात मी १२०० मोजले होते.

मिस्त्रींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. १२ गेज म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर, १३ म्हणजे २.३, १४ म्हणजे २. तार टिकते ती ताणामुळे. जाड तारेला पुरेसा ताण द्यायचा तर साधी हलकी रिम त्याआधीच वाकडी होईल, म्हणून बांधणारा ताण कमी ठेवतो आणि तार ढिली राहते. शिवाय मोटरचा फ्लँज साध्या हबपेक्षा खूप मोठा, त्यामुळे तारा आखूड होतात. नेहमीच्या सायकलसारख्या तीन वेळा एकमेकींवरून ओलांडून नेल्या तर रिममध्ये निपल (तार कसायची छोटी चाकी) तिरकं शिरतं आणि तार निपलपाशीही मोडते. २६ इंची चाकात हब मोटरसाठी एकदाच ओलांडणं योग्य. आता माझ्या चाकात ३६ भोकांची डबल वॉल रिम, १३ गेजच्या तारा, फ्लँजच्या भोकात खेळ राहू नये म्हणून तारेच्या डोक्याखाली पितळी वॉशर, आणि एकच क्रॉस आहे. सहाशे किलोमीटर झाले, एकही तार गेलेली नाही. चाक बांधून झाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्या. हे काम कुणीही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढलो. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे टाकलं की चढ सुरू होतो. मोटरने सुरेख साथ दिली, पाचगणीला चहा घेतला, संध्याकाळ टेबललँडवर काढली. त्याविषयी एवढंच पुरे. मात्र चढताना एक गोष्ट नीट लक्षात आली: हब मोटर असेल तर २६ इंचीच चाक घ्या. तीच मोटर २९ इंची चाकात चढावर हळू फिरते, जास्त वीज खाते आणि तापते. लहान चाकात तिला ढकलायला सोपं जातं. २९ इंची दिसायला ऐटदार, घाटाला बिनकामाचं.

आता उतार. पाचगणी ते वाई सुमारे १२ किलोमीटर, आणि उंचीतला फरक साधारण ५५० मीटर. १०० किलो वजन एवढं खाली आणायचं म्हणजे साडेपाच लाख ज्यूलच्या जवळपास ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या उष्णतेत दीड लिटर गार पाण्याला उकळी येते. त्यातली काही वारा घेतो, काही रस्ता, उरलेली सगळी दोन पातळ चकत्यांच्या माथी. माझ्या चकत्या १६० मिलिमीटरच्या, तारेने चालणारे साधे डिस्क ब्रेक, आणि पॅड रेझिनचे, म्हणजे राळेने बांधलेल्या मसाल्याचे. पुण्यात सिंहगड रोडवर, सिग्नलला, उड्डाणपुलाच्या उतारावर ते उत्तम लागायचे. दांडेघर नाका सोडल्यापासून मी भीतीने ब्रेक हलका दाबूनच ठेवला होता, सलग. हे सगळ्यात वाईट. पॅड तापले, काचेसारखे गुळगुळीत झाले, वरून झिजले. तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर तेवढा जास्त आत येतो, कारण मधलं अंतर आपण हाताने कमी करायचं असतं. चालत्या घाटात ते कोण करणार?

मातीत थांबल्यावर चकती पाहिली. कडेला निळसर-जांभळी झाक आली होती. भाऊ बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, त्याला ओरडून थांबवलं. तापलेल्या चकतीवर गार पाणी टाकलं तर ती वाकडी होऊ शकते. अर्धा तास बसलो. मग पॅड काढून बघितले तर पुढच्या एका पॅडवर मसाला उरलाच नव्हता, मागची पत्रीच चकतीवर घासत होती. उरलेला घाट सायकल हातात धरून चालत उतरले. भाऊही माझ्याबरोबर चालला.

वाईहून पुण्याला टेम्पो केला. स्टँडजवळ आधी १८०० ठरले, सायकल चढवून दोरी बांधून झाल्यावर ‘बॅटरी आहे, रिस्क आहे’ म्हणून ३५०० मागितले. गुडघा ठणकत होता, मी दिले. तुम्ही देऊ नका. सायकल वर चढायच्या आधी ‘बॅटरीसकट, पुण्यात घरापर्यंत, एवढेच’ असं दोघांसमोर वदवून घ्या.

परत आल्यावर सगळं पाडून नव्याने केलं. ब्रेक हायड्रॉलिक घ्या, यात दुसरा विचार नको. पॅड झिजले तरी लिव्हर जागेवर राहतो, बोटांना जोर कमी लागतो. पुढे २०३ मिलिमीटरची चकती, मागे १८०. त्याआधी पुढचं चाक धरणारा फोर्क किती मोठी चकती झेपवतो ते बघा, पुष्कळ फोर्क १८०च्या पुढे चालत नाहीत. मागे मोठ्या चकतीचा आणखी एक फायदा झाला. मोटरचं झाकण फुगीर असतं, १६०ला कॅलिपर (पॅड धरून चकती दाबणारा भाग) त्याला घासत होता, तो आता बाहेर सरकला. तरीही विकत घेण्याआधी मोटर फ्रेममध्ये बसवून कॅलिपर हाताने धरून बघाच. पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे घ्या. आवाज जास्त करतात, पण उष्णता आणि पाऊस दोन्ही झेलतात. चकतीवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलेलं असेल तर ती चकती घेऊ नका. तेलाच्या बाबतीत शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. त्यात मोटारसायकलचं डॉट ऑइल कुणालाही घालू देऊ नका, आतली रबरं जातात. मोटर बंद करण्यासाठी लिव्हरवर चिकटवायचा चुंबकाचा सेन्सर मिळतो, हायड्रॉलिकला तो चालतो.

टायरमध्ये फसवणूक वेगळीच असते. ‘२६ इंची’ म्हणून दुकानदार काहीही देतो. आपल्या साध्या लेडीज सायकलचा २६ गुणिले १ ३/८ टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतो, एमटीबीचा २६ इंची ५५९च्या. दोन्हींवर २६च लिहिलेलं. मला पहिल्यांदा चुकीचा टायर दिला आणि ‘उघडलेला माल परत नाही’ म्हणून पैसेही दिले नाहीत. टायरच्या कडेला ‘५०-५५९’ असे आकडे असतात ते वाचा. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. घाटाला रुंदी ४७ ते ५४, नक्षी बेताची, आणि आत पंक्चररोधक पट्टा. श्वाल्बे मॅरेथॉन प्लसमध्ये हा थर ५ मिलिमीटरचा आहे. जड आणि महाग आहे, तरी निदान मागच्या चाकाला घ्याच. मोटरवालं मागचं चाक काढणं म्हणजे वायरचा कनेक्टर, टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी), मोठा पाना, सगळं आलं.

रिमला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं भोक असू द्या, बारीक फ्रेंच व्हॉल्व्हचं नको. रस्त्यावरचा कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो, आणि चाक न काढता एका बाजूने ट्यूब ओढून, पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर काढायची त्यांची हातोटी मोटरच्या चाकाला वरदान आहे.

टॉर्क आर्मवाचून मोटर बसवू नका. ॲक्सल ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे, फिरला की वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटतं. मोटर २५० वॉट आणि वेग ताशी २५च्या आतच ठेवा, त्यापुढे नोंदणी आणि लायसन्स आलं. आणि जास्त ताकदीची मोटर उतारावर तुमच्या काही कामाची नाही.

नवी बांधणी झाल्यावर मी सिंहगडाचा रस्ता गोळेवाडीपासून दोनदा चढून उतरले, रविवारी नाही, मंगळवारी पहाटे, सामानाच्या जागी आठ किलो तांदूळ बांधून. तिथे ब्रेक टिकला तर पसरणीत टिकतो. खाली आल्यावर लिव्हर पहिल्याच जागी होता, वास नाही. इतका आनंद झाला की डोणज्यात उतरून भावाला फोन केला.

दिवाळीनंतर पुन्हा पाचगणीला जाणार आहे. पसरणी उतरताना सरळ पट्ट्यात गाडी थोडी सुटू द्या, वाऱ्याला त्याचं काम करू द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक कडक दाबून वेग मारा आणि पुन्हा सोडा. सलग दाबून ठेवू नका. घाटात बुवासाहेबांचं मंदिर लागतं, तिथे थांबायलाच हवं, ब्रेक चांगले वाटत असले तरी. पंधरा मिनिटं बसा, चकतीजवळ हात नेऊन आच बघा, लावू नका. पॅडची एक जादा जोडी आणि ती बदलायची ॲलन की खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.